निंबोळीच्या मुलखात

दिवाळी अंकातले प्रवासवर्णन म्हटले म्हणजे वाचकांना काश्मीरचे शिकारे, केरळातल्या खाड्या, निदान माथेरानचे एखादे टोक तरी अपेक्षित असते. मी मात्र आपल्याला नगर जिल्ह्यात नेणार आहे, आणि तेही एस.टी.ने. २०२४ सालापासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आपल्या जिल्ह्याला मिळाले म्हणून आमचे मामा खूश आहेत. पण साठ-पासष्ट वर्षांची सवय जिभेवरून एका रात्रीत उतरत नाही. ते अजून "नगरला जाऊन येतो" असेच म्हणतात. वर पुस्तीही जोडतात, "अरे, नाव कुठलंबी असू दे, शेपटाला नगर हायेच की!"

गेल्या दिवाळीत आईने हट्ट धरला की भाऊबीजेला मला माहेरी पोचव. तिची सत्तरी उलटली आहे. कॉलेजला सुट्टी होती, आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापासून पळ काढायला मलाही निमित्त हवेच होते. पाडव्याच्या दिवशी पहाटेच आम्ही पुणे सोडले. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. तिथून मुलूख बदलतो. माळ उघडे होतात, पाणी कमी होते आणि झाडांमध्ये एकच झाड वरचेवर भेटू लागते. ते म्हणजे कडुनिंब. रस्ता रुंद झाला तशी कडेची जुनी झाडे बरीच गेली. पण बांधावर, वस्तीच्या अंगणात, देवळापुढच्या पारावर लिंब उभाच असतो. (नगरकडे आणि एकूण खेड्यात त्याला 'लिंब'च म्हणतात, पुणेकराने त्याचा अर्थ सरबताचे लिंबू असा घेतला तर तो त्याचा दोष.) कमी पावसात, मुरमाड जमिनीत, कुणी पाणी न घालता वाढणारे हे झाड. या जिल्ह्यातल्या शिर्डीलासुद्धा साईबाबांचे गुरुस्थान म्हणून जे दाखवतात ते एका लिंबाखालीच आहे.

नगर मागे टाकले, इमामपूरचा घाट उतरलो, पांढऱ्या पुलाशी चहा झाला, घोडेगाव गेले, आणि नेवासा आले. नेवाशाला उतरल्यावाचून आई पुढे जाणे शक्यच नव्हते. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, त्या 'पैस' खांबावर तिने डोके टेकले. बाहेर आल्यावर ती सहज म्हणाली, "आमच्या माहेरच्या पोथीत पानापानांत लिंबाचा वाळका पाला असायचा. कसर लागू नये म्हणून."

वीस वर्षे मी कॉलेजात ज्ञानेश्वरी शिकवतो आहे. तिचे पाठभेद मला ठाऊक, तिच्यावरील टीका ठाऊक. पण ती घरोघर टिकली कशी, तिच्या पानांना कसर का लागली नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आईला मात्र त्याचे उत्तर माहीत होते, आणि आपण काही विशेष सांगितले असेही तिला वाटले नाही. ती लगेच बाजरीच्या कणगीकडे वळली. कणगीत तळाला पाला, मध्ये पाला, वर पाला, कडधान्याला राख, डाळीला एरंडेलाचा हात, कपड्यांच्या पेटीत वेखंडाचा तुकडा. "तेव्हा काय बाजारात गोळ्या मिळत होत्या?" ती म्हणाली. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आजही हे चालत असेल. पीकसंरक्षणाच्या मोठ्या शास्त्राचा हा घरगुती ओनामा होता, हे मला पुढच्या तीन दिवसांत कळायचे होते.

मामांचे गाव नेवाशाहून शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कुकाण्याच्या अलीकडे. रस्त्यापासून आत अर्धा मैल चालले की वस्ती. पोचलो तेव्हा मामी चुलीपुढे वांगी चिरीत बसली होती. मी पाट ओढून समोर बसलो. वांगे हातात घ्यायचे, फिरवून पाहायचे, चार चिरा द्यायच्या, आत डोकावायचे आणि मिठाच्या पाण्यात सोडायचे, असा तिचा क्रम चालला होता. दर सहा-सात वांग्यांत एखादे किडके निघे. किडका भाग ती कापून टाकी आणि उरलेले पाण्यात सोडी.

मी पुणेरी प्रामाणिकपणाने म्हणालो, "मामी, घरच्या शेतातली वांगी आणि किडकी?"

मामी हसली. बाजेवर बसलेले मामा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, ते भोक दिसतंय ना, ते लई महागाचं भोक आहे. जेव आधी, मग सांगतो."

बाजरीची भाकरी आणि भरले वांगे खाऊन झाल्यावर अंगणात बाज टाकली आणि मामांनी सांगायला सुरुवात केली. चार वर्षांपूर्वीचा भाद्रपद. कपाशी खांद्याएवढी झाली होती. अळी आणि तुडतुडे यांनी रान धरले होते. मामेभावाने नगरहून दोन औषधे आणली होती. दोन्ही एकत्र करून मामा पाठीवर पंप घेऊन भर दुपारी औषध मारायला गेले. अंगात बनियन, तोंडाला टॉवेल. वारा समोरून होता. "दोन वळी झाल्या आन् डोळ्यापुढं अंधारी आली. तोंडाला पाणी सुटलं. वाटलं, ऊन लागलं." बांधापर्यंत आले आणि कोसळले. ओकाऱ्या सुरू झाल्या, बोलता येईना. मामेभावाने मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून मामीने धरून, त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात नेले आणि तिथून पुढे नगरला. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहिल्या आणि ताबडतोब ॲट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली. तीन रात्री मामी बाकावर बसून होती.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत पडले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. तिथेही उंच वाढलेली कपाशी, उन्हाळ्यासारखे ऊन आणि उघडे अंग अशीच गत होती. ती बातमी मी पुण्यात चहाबरोबर वाचली होती. मामा वाचले म्हणून आमच्या घरची बातमी झाली नाही, एवढेच.

मामा बोलत होते आणि मी भाषेचा मास्तर असल्यामुळे एका शब्दापाशी अडकलो होतो. 'औषध मारणे.' आपल्या शेतकऱ्याने विषाला औषध म्हटले आहे. दुकानात जाऊन तो औषध मागतो, पिकाला औषध मारतो, आणि कर्ज डोक्यावरून गेलेल्या एखाद्या दुर्दैवी घरात 'त्याने औषध घेतले' असे हलक्या आवाजात सांगतात, तेव्हाही तोच शब्द असतो. डब्यावर लाल त्रिकोण छापलेला असतो. पण शब्द जर औषधाचा असेल तर त्रिकोणाकडे कोण पाहतो?

दवाखान्यातून घरी आल्यावर मामीने फतवा काढला, "ह्या घरात पुन्हा ती बाटली येणार नाय." मामेभाऊ म्हणाला, "मग पीक काय देवाच्या भरवशावर सोडू? सोसायटीचं कर्ज देव फेडणार का?" दोघांचेही खरे होते. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हते. शेवटी मामांनी तोडगा काढला. कपाशीचे पुढच्या वर्षी बघू. दहा गुंठे वांगी मामीच्या हवाली करायची. तिने बाटलीशिवाय पिकवून दाखवावीत. वांग्याचा पैसा म्हणजे नातवाच्या शाळेची फी. तेव्हा हा काही खेळ नव्हता.

मामीच्या बचत गटात निंबोळी अर्काचे शिक्षण दिले होते. आषाढात झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. गटातल्या बायका आणि पोरे त्या वेचतात, गर धुऊन काढतात आणि बी सावलीत वाळवतात. ओल्या राहिल्या तर बुरशी लागते. उन्हात फार तापल्या किंवा जुन्या झाल्या तर जोर उतरतो. सगळी मदार बीवर आहे. पाल्यात तो गुण कमी, बीच्या गरात जास्त. त्यामुळे पाला उकळून 'काहीच होत नाही' म्हणणारे थोडे घाईच करतात. कृती मामीने मला तोंडपाठ सांगितली. पाच किलो वाळक्या निंबोळ्या कुटून भरड करायची. ती दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. सकाळी ढवळून तलम फडक्यातून दोनदा गाळायची. एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात घालायचा, कारण साबणाशिवाय पाणी पानावर ठरत नाही. मग एकंदर शंभर लिटर होईल इतके पाणी घालायचे. हा झाला पाच टक्के निंबोळी अर्क. केला त्याच दिवशी वापरायचा, शिळा ठेवायचा नाही. आणि फवारायचा तो उन्हे उतरल्यावर, कारण उन्हाने त्याचा गुण लवकर जातो. गच्चीवर चार कुंड्या सांभाळणाऱ्या वाचकांनी लिटरला पन्नास ग्रॅम बी असा हिशेब धरावा.

शिवाय गोठ्यामागे दशपर्णीचे पिंप होते. त्याचे झाकण मामीने उघडले तेव्हा मी चार पावले मागे सरलो. दोनशे लिटर पाण्यात पाच किलो लिंबाचा पाला आणि निर्गुंडी, करंज, सीताफळ, एरंड, रुई, पपई, गुळवेल, घाणेरी, कण्हेर यांचा प्रत्येकी दोन किलो पाला. वर हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, शेण आणि गोमूत्र. महिनाभर रोज ढवळायचे. "किडा वासानंच पळत असंल," मी म्हणालो. मामी म्हणाली, "किडा ऱ्हाऊ दे, तुम्हीच पळताय भाचेबुवा."

आता वाचकांना वाटेल की पुढे वांग्यांनी शेत डवरले आणि सगळे सुखी झाले. तसे झाले नाही. पहिल्या वर्षी वांग्याला शेंडे आणि फळे पोखरणारी अळी लागली. मामीने अर्क फवारला तेव्हा अळी शेंड्याच्या आत शिरून बसली होती. आत शिरलेल्या अळीला बाहेरचा कडू रस काय करणार? दोन तोडे बहुतेक गुरांपुढे गेले. मामेभाऊ बाजारातून रिकामा आला आणि न जेवता निजला. ती रात्र मामीने सांगितली नाही, मामांनी सांगितली. नातवाची फी त्या वर्षी आईच्या पाटल्यांपैकी एकीतून भरली गेली, हेही मला तिथेच कळले. आईने घरी आम्हाला "पाटली झिजली, मोडली" एवढेच सांगितले होते. मी आईकडे पाहिले. ती तुळशीवृंदावनाकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या पहाटे, मामीने मला उठवले. "मास्तर, शाळा भरायची येळ झाली. चला." दंव पडलेले होते. दहा गुंठ्यांच्या त्या तुकड्यात ती वाफ्यावाफ्यांतून फिरू लागली. कुठे एखादा शेंडा मान टाकून सुकलेला दिसला की ती तो खुडून पदराच्या ओच्यात टाकी. "ह्यात अळी हाय. आज खुडली तर एक, नाय खुडली तर पुढल्या महिन्यात शंभर." पान उलटे करून ती अंडी पाही. मध्ये मध्ये काठ्यांना प्लॅस्टिकची नरसाळी टांगली होती. ते कामगंध सापळे. मादीच्या वासाची गोळी आत ठेवलेली असते. नर पतंग फसून येतात आणि अडकतात. रात्री किती पतंग सापडले ते मामी मोजी. आकडा वाढला की त्याच संध्याकाळी अर्क. अळी शेंड्यात शिरायच्या आधी. वांग्यांच्या कडेने झेंडूची ओळ होती. "ही दिवाळीच्या तोरणाला, आन् मुळातल्या सूत्रकृमीलाबी." एका पानावर ठिपक्यांचा लाल किडा बसला होता. मी तो झटकायला गेलो तर तिने माझा हात धरला. "त्यो आपला गडी हाय. मावा खातो."

ओच्यातले शेंडे घरी आणून तिने चुलीत घातले. तासाभराच्या त्या फेरीत मला जे कळले ते असे: पहिल्या वर्षी मामीने बाटलीच्या जागी निंबोळी ठेवली होती, पण वागणे बाटलीचेच ठेवले होते. कीड दिसली की मारायचे. दुसऱ्या वर्षी तिने वागणे बदलले. निंबोळीचा अर्क मारत नाही, अडवतो. आणि अडवायचे तर येणाऱ्याच्या आधी दारात उभे राहावे लागते. रोज पहाटे. तिसऱ्या वर्षापासून वांग्याने फी भरली.

परतताना मी वाट वाकडी करून शिंगणापूर, सोनईवरून राहुरीला गेलो. राहुरी म्हणजे महात्मा फुले कृषि विद्यापीठ. ज्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याचा आसूड ओढला त्या जोतीरावांचे नाव शेतीच्या विद्यापीठाला असावे, हे औचित्य मराठीच्या प्राध्यापकाला विशेष भावते. सुट्टीमुळे आवार शांत होते. पण माझ्या एका सहकाऱ्याचे थोरले बंधू कीटकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि राहुरीतच राहतात. त्यांच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. चिवड्याची बशी पुढे करीत ते म्हणाले, "मामीबाईंना जे कळायला एक वर्ष लागलं, ते आम्हा लोकांना कळायला बरीच वर्षं लागली."

मग त्यांनी मला लिंबाचा जगप्रवास सांगितला. १९३९ साली स्वित्झर्लंडात पाउल म्युलर यांना डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण सापडला. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवताप आटोक्यात आला, पिके वाचली आणि कीड हा प्रश्न आता कायमचा सुटला असे सर्वांना वाटू लागले. १९५९ साली सुदानमध्ये हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने टोळधाड पाहिली. टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडे तशीच उभी राहिली. इकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांचे सहकारी हेच तपासत होते. १९६२ साली टोळ आले तेव्हा त्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारले. टोळ बसले, पण खाईनात. त्याच १९६२ साली अमेरिकेत रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक निघाले आणि डी.डी.टी.ने पाखरांचे काय होते ते जगाला कळले. एकाच वर्षी दुखणेही कळले आणि एक उतारही दिसला. पण दुखण्याची जेवढी चर्चा झाली तेवढी उताराची झाली नाही.

"आणि १९६८ साली," ते म्हणाले, "आमचं विद्यापीठ निघालं, आणि त्याच साली इंग्लंडात निंबोळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढण्यात आलं. अझाडिराक्टिन." हे द्रव्य अळीला झटकन मारीत नाही. पान तिला कडू लागते म्हणून ती खाणे सोडते. पतंग त्या पानावर अंडी घालायला कचरतो. आणि जी अळी खाते, तिला वेळ आली तरी कात टाकता येत नाही, कारण कात टाकण्याचा हुकूम देणारा शरीरातला रसच बिघडतो. कात टाकता आली नाही की वाढ थांबली. हे द्रव्य इतके गुंतागुंतीचे आहे की ते प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवायला २००७ साल उजाडले. आपल्या बांधावरचे झाड मात्र दर आषाढात ते मोफत बनवते.

मी विचारले, "मग सगळीकडे हेच का वापरत नाहीत?"

"कारण शेतकऱ्याला आज संध्याकाळी मेलेली अळी पाहायची असते. आणि कीड हाताबाहेर गेल्यावर निंबोळी पुरत नाही, हेही खरं आहे. २०१८ साली अमेरिकेकडची लष्करी अळी आपल्या देशात आली आणि मक्यावर तुटून पडली. सुरुवातीला, अळी लहान असताना, पाच टक्के निंबोळी अर्कानं काम भागतं. अळी मोठी होऊन पोंग्यात शिरली की नाही. तेव्हा प्रसंगी रासायनिक औषध लागतं. ते शेवटी यावं, बेतानं यावं, हातमोजे, मुखपट्टी घालून यावं. आज ते पहिलंच येतं, हा रोग आहे." मामेभावानेही गेल्या वर्षी वांग्यावर एकदा तशी फवारणी केली होती, मामीला सांगून. त्या आठवड्याचा तोडा त्यांनी बाजारात नेला नाही.

त्यांनी आणखी एक बजावले. वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, असे समजू नये. कण्हेर विषारी, रुईचा चीक विषारी, एरंडाची बी विषारी. तंबाखूतले निकोटिन तर जहालच. दशपर्णीचे पिंप पोरांच्या हाताला लागता कामा नये, आणि अर्क फवारतानाही नाक-तोंड झाकावे. शेवंतीच्या जातीच्या एका फुलातून पायरेथ्रम नावाचे कीटकनाशक निघते. त्याच्या नकलेवर १९४९ साली पहिले कृत्रिम द्रव्य तयार झाले, आणि त्याचीच भावंडे आज आपल्या डासांच्या उदबत्तीत जळतात. निजताना वाचकांनी उशाशी पाहावे, शेवंतीची ती दूरची नातलग तिथेच असेल.

निघताना त्यांनी मला लिंबाच्या शास्त्रीय नावाची गंमत सांगितली. १८३० साली एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'अझाडिराक्टा इंडिका' असे नाव दिले. ते मुळात फार्सी: 'आझाद दरख्त', म्हणजे मुक्त झाड. निजामशाहीच्या या मुलखात एके काळी दरबारी भाषा असलेल्या फार्सीतले नाव लॅटिनचा अंगरखा घालून परत आले. आणि या मुक्त झाडालाच एकदा दावे लावण्याचा घाट घातला गेला होता. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने, निंबोळीच्या तेलाने पिकावरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचे पेटंट एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या सरकारच्या शेतीखात्याला दिले. भारतातून आणि युरोपातून त्याला हरकत घेतली गेली. तिथे जो पुरावा कामी आला तो आपल्या महाराष्ट्रातला: १९८५ आणि १९८६ साली पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर झालेल्या निंबोळी अर्काच्या चाचण्या. २००० साली पेटंट रद्द झाले, आणि २००५ साली त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. झाड पुन्हा आझाद झाले. त्यानंतर २०१५ साली सरकारने देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा थर सक्तीचा केला, तेव्हा निंबोळी वेचणाऱ्या बायकांकडे व्यापारीही येऊ लागले.

एस.टी.त बसल्यावर मी आईला हे सगळे उत्साहाने सांगू लागलो. सुदान, दिल्ली, इंग्लंड, पेटंट. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "ते खरं रे. पण तिकडं एवढं सगळं झालं, आणि इथं वांगं विकलं का जात नाही ते सांग."

हा प्रश्न मामेभावाने मला आदल्या संध्याकाळीच विचारला होता. त्याचे म्हणणे असे: अडत्या माल ओततो आणि डोळ्याने निवडतो. चकचकीत, बिनडागाचे ते एक नंबर. एखादा ओरखडा, एखादे भोक असेल ते दोन नंबर, निम्म्या भावाने. वांग्यात काय मुरले आहे ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याचा भावही ठरत नाही. "दादा, औषध आम्ही काय हौसेनं मारतो? तुमच्या पुण्याच्या बायका वांगं फिरवून फिरवून बघतात. त्यांना भोक चालत नाही. ते भोक बुजवायला आम्ही पंप पाठीवर घेतो." मी काही बोललो नाही. पुण्यात मंडईत वांगी आमच्या घरी मीच आणतो, आणि फिरवून फिरवून मीच पाहतो. भाद्रपदातल्या त्या दुपारी मामा ज्या पिकात कोसळले ती कपाशी होती, हे खरे. पण वांग्याच्या बाबतीत मला तेवढीही पळवाट नव्हती. युरोपवाल्यांनी २०१० साली आपली द्राक्षे औषधाच्या अंशामुळे अडवून धरली तेव्हा द्राक्षबागायतदारांनी धडपडून पद्धती बदलल्या. वांग्यासाठी मात्र असा अडवणारा कुणी नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक मी आहे, आणि मी फक्त चकाकी पाहतो.

पुण्यात आल्यावर पुढच्या रविवारी मंडईत गेलो. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींपाशी एक वेगळी टोपली होती. त्यात ओरखडलेली, बारीक भोके असलेली वांगी होती. मी त्यातली किलोभर मागितली. मावशी म्हणाल्या, "साहेब, ती गाईला घालायला काढलीत." मी म्हटले, "आमच्याकडेही घालायचीच आहेत." भोक पडले म्हणजे औषध मारलेच नसेल असे काही नाही, हे राहुरीच्या प्राध्यापकांनी मला सांगितले होते; खात्री तर शेतकऱ्याशी ओळख असेल तरच. पण माझ्या बोटांची फिरवून पाहण्याची खोड मोडायला कुठून तरी सुरुवात व्हायला हवी होती.

घरी सौ.ने पिशवी ओट्यावर उपडी केली आणि माझ्याकडे पाहिले. मी नेवाशाची सगळी हकीकत सांगितली, पाटलीचीसुद्धा. ती काही बोलली नाही. तिने विळी घेतली, वांगे फिरवून पाहिले, चार चिरा दिल्या, आत डोकावली. किडका भाग कापून टाकला आणि उरलेले मिठाच्या पाण्यात सोडले. किलोभरात दोन-तीनच वांगी किडकी निघाली.

आई माहेरून लिंबाचा वाळका पाला एका पुरचुंडीत घेऊन आली आहे. त्यातला थोडा गव्हाच्या डब्यात गेला. थोडा मी मागून घेतला, आणि कपाटातली माझी शिकवायची ज्ञानेश्वरी काढून पानापानांत घातला. परवा मामीचा फोन आला होता. आषाढात निंबोळ्या पडल्या की वेचायला माणसे कमी पडतात, पोरांना घेऊन या म्हणाली. या वर्षी मुलांना सुट्टीत कुठे नेणार, असे शेजारी विचारतात. अजून आम्ही त्यांना सांगितलेले नाही.